जेन्किन्सीचे बल्ब सुरकुतले तर पाणी वाढवू नका

ताई, डिसेंबरपासून तुमच्या डेंड्रोबियम जेन्किन्सी या आमरीचे (ऑर्किडचे) बल्ब, म्हणजे फुगीर खोडं, सुरकुतलेत, रोज पाणी घालूनही फुगत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. रोजचं पाणी आजच थांबवा. ती तहानलेली नाही, विश्रांती घेतेय.

ही मूळची आसाम, भूतान, म्यानमारकडची. तिकडे पावसाळाभर झाडं चिंब आणि हिवाळा कोरडा, गार. दोन-तीन सेंटीमीटरचा चपटा बल्ब हे तिचं पाण्याचं कोठार. हिवाळ्यात ते थोडं रिकामं होणारच. हा कोरडा काळ नीट मिळाला तरच पुढे सोनेरी फुलं येतात. आपल्या सह्याद्रीतलं डेंड्रोबियम बार्बॅट्युलम तर पानं गाळून उघड्या काड्यांवर फुलतं.

मला खरी काळजी वाटते ती तुमच्या कोकोपीटने (नारळाच्या काथ्याच्या भुशाने) भरलेल्या कुंडीची. झाडाच्या सालीवर वाढणारी ही आमरी, तिच्या मुळांना ओलाव्याइतकीच हवा लागते. माझं पहिलं रोप मी असंच घालवलं, अजून हळहळ वाटते. वरून पानं हिरवीगार होती. कुंडी उलटी केली, एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर वरचं आवरण सालीसारखं निघून आलं आणि आतला नुसता दोरा हातात राहिला. तुम्हीही तेवढं करून बघा. चांगलं मूळ टणक असतं, कोरडं असताना चंदेरी, पाणी शिंपडलं की बघता बघता हिरवट होतं.

मुळं कुजली असतील तर थांबू नका. मेलेली कापा, रोप दोन दिवस सावलीत सुकू द्या आणि आंब्याच्या साल असलेल्या वाळक्या फांदीवर बांधा. मुळांखाली सोडणाचे (नारळाच्या सालीचे) चार धागे पुरे. सुतळी नको, ती मुळं धरायच्या आत कुजते. मासेमारीची नायलॉन दोरी घ्या. मुळं धड असतील तर मात्र नवे कोंब मुळं सोडू लागेपर्यंत हात लावू नका.

तोवर सकाळचं कोवळं ऊन आणि आठ-दहा दिवसांनी एक हलका फवारा, बस्स. खत अजिबात नको. नवी मुळं बोटाच्या पेराएवढी झाली की रोज पाणी सुरू करा, दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत, लिटरला अर्धा ग्रॅम. पावसाळ्यात वळचणीला टांगा. संध्याकाळपर्यंत मुळं पुन्हा चंदेरी दिसली पाहिजेत.

जुने बल्ब सुरकुतलेलेच राहिले तरी कापू नका, नव्या कोंबाला तेच पोसतात. कुंडीतून काढल्यावर मुळांचा जवळून फोटो टाका, कुठवर कापायचं ते सांगते.