दशांश चिन्ह सरकत नाही

प्रिय नव्या मास्तरा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या सहावीच्या वर्गाने ३.४ + २.५ चं उत्तर न चुकता लिहिलं, आणि पुढच्याच आठवड्यात अर्ध्या वर्गाने ०.३५ ही संख्या ०.४ पेक्षा मोठी ठरवली. एकाने तर ०.३ × ०.२ = ०.६ लिहून त्याखाली ठसठशीत दोन रेघाही ओढल्या. ‘मुलं लक्षच देत नाहीत’ असं तू लिहिलं आहेस, ते मात्र मला पटलं नाही. लक्ष न देणाऱ्यांच्या चुका विखुरलेल्या असतात, प्रत्येकाची चूक निराळी. इथे अर्धा वर्ग एकच चूक करतोय, म्हणजे अर्धा वर्ग एकच नियम पाळतोय. तो नियम पहिलीपासून आपणच त्यांच्या गळी उतरवला आहे: अंक जास्त ती संख्या मोठी. पूर्ण संख्यांपुरता तो खराही आहे. तो इथे चालत नाही हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही, एवढंच.

त्यात आपल्या बोलण्याची भर. फळ्यावर ०.३५ लिहायचं आणि तोंडाने म्हणायचं ‘पॉइंट पस्तीस’. मग ०.४ म्हणजे ‘पॉइंट चार’. कानावर पस्तीस आणि चार पडल्यावर मुलाने दुसरं काय सांगावं? निदान पहिले दोन आठवडे ‘पॉइंट’ हा शब्द वर्गाबाहेर ठेव. ०.३५ ला ‘पस्तीस शतांश’ म्हण, नाहीतर ‘तीन दशांश पाच शतांश’ म्हण. घाईत ‘शून्य दशांश चिन्ह तीन पाच’ असे अंक सुटे वाचले तरी हरकत नाही, पण पस्तीस म्हणायचं तर त्यामागे शतांश आलंच पाहिजे. याचा कंटाळा मुलांच्या आधी तुला येईल, हे आताच सांगून ठेवते.

आपल्या भाषेतला आणखी एक खोडा बघ. दशक आणि दशांश, शतक आणि शतांश: ऐकायला सख्खी भावंडं. शतक दशकापेक्षा मोठं, म्हणून शतांशही दशांशापेक्षा मोठा, असं मूल मनात धरून बसतं आणि आपल्याला पत्ता नसतो. म्हणून ‘अंश’ या शब्दावर थांब. अंश म्हणजे वाटा, आणि वाटेकरी वाढले की वाटा लहान होतो. शिवाय ‘दशांश’ हा एकच शब्द आपण दोन कामांना जुंपला आहे. दहावा भाग तोही दशांश, आणि ही अख्खी लेखनपद्धती तीही दशांश. ‘या दशांश अपूर्णांकात दशांशस्थानी कोणता अंक आहे?’ असा प्रश्न विचारलास तर आधी स्वतःच एकदा मोठ्याने म्हणून बघ.

आता माझी एक फजिती सांगते. माझ्या वर्गात एक मुलगी होती. लहानमोठेपणाचं प्रत्येक उदाहरण बरोबर सोडवायची. सहा महिने मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. एकदा सहज विचारलं, ‘०.४ मोठी कशावरून?’ ती म्हणाली, ‘बाई, शतांश लहान असतात ना, मग ज्यात शतांश येतात ती संख्या लहान.’ मी लगेच ०.३ आणि ०.४५ लिहून दिलं. तिने क्षणाचाही विलंब न लावता ०.३ वर गोल केला. सहा महिने मी ज्या जोड्या देत होते, त्या सगळ्यांत लांब संख्याच लहान होती! तिची समजूत माझ्याच उदाहरणांच्या आड सुखाने नांदत होती.

तेव्हापासून मी जोड्या निवडून देते, आणि तूही तेच कर. ०.४ आणि ०.३५ ही एक जोडी, ०.३ आणि ०.४५ ही दुसरी. ‘लांब ती मोठी’ म्हणणारं मूल पहिल्या जोडीत चुकतं आणि दुसऱ्या जोडीत बरोबर येतं. ‘लांब ती लहान’ म्हणणाऱ्याचं नेमकं उलट होतं. दोन्ही बरोबर आल्या की तिसरी जोडी दे: ०.३५ आणि ०.३५२. पैशांच्या हिशेबावरून दशांश शिकलेलं मूल दोन घरांपुढे बघतच नाही, ते म्हणतं दोन्ही सारख्या. आणि एक जोडी कुणी देत नाही, ती जरूर दे: ० आणि ०.६. शून्य मोठं म्हणणारी मुलं निघतात. त्यांच्या मते चिन्हाच्या उजवीकडचं सगळं शून्याच्याही खालचं असतं. मेलबर्न विद्यापीठातल्या केय स्टेसी आणि व्हिकी स्टाइनल यांनी अशाच जोड्यांवरून मुलांच्या समजुतींचे गट पाडले आहेत. उत्तर बरोबर आलं की चूक आलं एवढ्यावर त्या थांबत नाहीत. कोणत्या जोडीत बरोबर आणि कोणत्या जोडीत चूक, या नमुन्यावरून मूल काय विचार करतंय ते ओळखतात. तू तपासलेली चाचणी याच नजरेने पुन्हा एकदा बघ.

रोजच्या व्यवहारातली उदाहरणं इथे फारशी मदत करत नाहीत, हे ऐकून तुला नवल वाटेल. उसेन बोल्टची शंभर मीटरची वेळ २००८ मध्ये ९.६९ सेकंद होती, २००९ मध्ये ९.५८. वर्गात रंगून जाण्यासारखं उदाहरण आहे, पण दोन्हीकडे चिन्हानंतर दोनच अंक. चुकीचा नियम धरलेलं मूलही याचं उत्तर बरोबर देतं. पैशांचंही तेच, कायम दोन घरं. व्यवहार सगळ्या संख्यांना एका उंचीचे करून समोर आणतो, आणि गोंधळ झाकला जातो.

म्हणून मी लांबीकडे वळते. कागदाची एक लांब पट्टी घे, तीच ‘एक’. तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा नकोत. खुणा दिसल्या की मुलं ०.४ ला चार सेंटिमीटर करून टाकतात. पट्टीचे दहा सारखे भाग मुलांनाच करू दे, मग त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा. हजारावा भाग करताना कात्री हरते आणि वर्ग हसतो. तो क्षण फुकट घालवू नकोस, सहस्रांश किती बारीक हे तेव्हा बोटांना कळलेलं असतं. मग ०.३५ आणि ०.४ एवढ्या लांबीच्या पट्ट्या एकाखाली एक लावायच्या. चार दशांश म्हणजेच चाळीस शतांश, हे ‘शेवटी शून्य जोडलं तरी चालतं’ असं न सांगताच दिसतं.

एक हुशार प्रश्न येईल, त्याची तयारी ठेव: ‘दशक-दशांश, शतक-शतांश, मग एकांश कुठे आहे?’ हे विचारणारं मूल दशांश चिन्हाला आरसा समजतंय. पण जोड्या चिन्हाच्या दोन्ही अंगांना नसून एककाच्या दोन्ही अंगांना आहेत. मधलं घर एककाचं. चिन्हाचं काम इतकंच, की एककाचं घर कोणतं ते दाखवायचं. त्याच्या डावीकडे लगेच जो अंक तो एककाचा. हे पक्कं झालं की पुढचं निम्मं काम हलकं होतं.

कारण त्यानंतर येतं ते आपलं आवडतं वाक्य: ‘दहाने गुणलं की चिन्ह एक घर उजवीकडे सरकव.’ मीही वर्षानुवर्षं हेच शिकवलं. पण चिन्ह एककाला खिळलेलं आहे, ते कसं सरकेल? सरकतात ते अंक. फळ्यावर घरं आखून चिन्ह पक्कं रंगव आणि अंकांचे कागद हलव. २.५ ला दहाने गुणलं की २ उठून दशकात जातो, ५ एककात, झाले २५. शंभराने भागलं की दोघं दोन-दोन घरं उजवीकडे जातात आणि मोकळ्या घरांत शून्य बसतं: ०.०२५. असं केल्यावर ‘दहाने गुणायचं म्हणजे पुढे शून्य द्यायचं’ म्हणून २.५० लिहिणारं मूल स्वतःच थबकतं, कारण एकही अंक घरातून हललेला नाही. चिन्ह सरकवायची युक्ती मुलं पुढे आपोआप उचलतात. उचलू देत. फक्त ती तुझ्या तोंडून आधी जाऊ नये.

गणितज्ञ सायमन स्टेव्हिनने १५८५ मध्ये दशांश अपूर्णांक युरोपात मांडले, तेव्हा त्याने असं चिन्ह वापरलंच नव्हतं. प्रत्येक अंकाशेजारी तो एक छोटं वर्तुळ काढी आणि त्यात आकडा लिही. एककाला ०, दशांशाला १, शतांशाला २. लिहायला किचकट, पण शिकवायला मला ती पद्धत फार आवडते. एखादा तास मुलांना तसं लिहायला लाव. प्रत्येक अंक आपल्या घराचा पत्ता घेऊन फिरतो, मग पस्तीस आणि चार यांची झुंज लागतच नाही. त्याच्याही आधी समरकंदच्या अल-काशी या गणितज्ञाने १४२४ मध्ये २π ची किंमत सोळा दशांश स्थळांपर्यंत काढली होती. आणि आजही युरोपातले बरेच देश टिंबाऐवजी स्वल्पविराम देतात. मुलांना हे सांगितलं की टिंबाचा धाक जरा कमी होतो.

टिंबाचा विषय निघालाच आहे तर: दिसेल ते टिंब दशांश चिन्ह नसतं. क्रिकेटमध्ये १९.४ षटकं म्हणजे एकोणीस षटकं आणि चार चेंडू. तिथे १९.५ नंतर एक चेंडू पडला की २० होतात. प्रकरण ३.९ नंतर ३.१० येतं. आणि घड्याळ तर आपल्याला रोज चकवतं. २.१५ ला सव्वादोन वाजतात, पण सव्वादोन ही संख्या २.२५ आहे. २.३० ला अडीच वाजतात, पण अडीच म्हणजे २.५. हे मुलांनाच शोधू दे, अर्धा तास मजेत जातो.

आणि सव्वा, दीड, अडीच, पाऊण हे शब्द वाया घालवू नकोस. जुन्या पिढ्या दिडकी-अडीचकीचे पाढे म्हणत. ते परत आणावेत असं मी म्हणत नाही, पण संख्यारेषेवर पाव, अर्धा आणि पाऊण हे तीन खांब या शब्दांनी फुकटात मिळतात. ०.७५ बघून ‘पाऊण’ म्हणणाऱ्या मुलाला ०.८ कुठे बसेल ते विचार. ते अंक न मोजता पाऊणच्या जरा पुढे बोट ठेवतं.

बेरीज-वजाबाकीवर फार वेळ घालवू नकोस. एककाखाली एकक आलं की झालं. ०.५ + ०.१२ = ०.१७ लिहिणारे पट्टीवरच्या कामानंतर फारसे उरत नाहीत.

गुणाकाराला मात्र वेळ दे. ‘गुणलं की वाढतं’ ही समजूत खोल रुतलेली असते, ०.३ × ०.२ चं ०.६ तिथूनच येतं. दहा बाय दहाचा चौकोन आख, तो अख्खा चौकोन म्हणजे एक. आडवे दोन दशांश आणि उभे तीन दशांश रंगवून घे. दोन्ही रंग जिथे पडले ते चौकोन सहा, शंभरातले सहा, म्हणून ०.०६. गुणिलेचं चिन्ह काही दिवस ‘चे’ असं वाच: तीन दशांशाचे दोन दशांश. वाट्याचा पुन्हा वाटा काढला तर तो लहानच होणार, हे वाक्यातूनच कळतं. मग अंदाज. ३.८ × ५.१ द्यायचं, अंक १९३८ हे तूच सांगून टाकायचं आणि चिन्ह कुठे ते विचारायचं. चार गुणिले पाच वीस, म्हणून १९.३८. घरं मोजायचा नियम याच्यानंतर. तो नियम ३.५ × ०.४ ला हमखास दगा देतो. मुलं ३५ × ४ = १४० मधलं शून्य आधी उडवतात, मग दोन घरं मोजून ०.१४ लिहितात. साडेतीनच्या निम्म्याला जरा कमी, म्हणजे दीडच्या आसपास, असा अंदाज असलेलं मूल तिथे अडतं आणि १.४ वर येतं.

भागाकारात ‘वाटणे’ सोडून दे. अर्ध्या माणसात सहा कसे वाटणार? ‘सहात अर्धे किती?’ असं विचार, बारा हे उत्तर वर्ग तोंडी देईल. ०.६ ÷ ०.०२ ला ‘साठ शतांशांत दोन शतांश किती वेळा?’ असं विचार. भाजकातलं चिन्ह घालवायची रीत मग रीत वाटत नाही.

एका सवयीबद्दल मी हट्टी आहे: .५ लिहू देऊ नकोस, ०.५ च लिहायचं. रुग्णालयांत औषधाच्या मात्रेसाठी हाच दंडक असतो, कारण पुसट टिंब नजरेतून सुटलं की .५ चे ५ होतात. तिथे ५.० लिहायलाही मनाई असते, ते ५० वाचलं जाऊ शकतं. मापनात मात्र ३.७ आणि ३.७० यांत फरक असतो, किती बारीक मोजलं ते शेवटचं शून्य सांगतं. पण ते प्रयोगशाळेत शिकतील, सहावीत नको.

पुढच्या पत्रात किती जण बरोबर आणि किती चूक ते कळवू नकोस. त्या चार जोड्या दे, आणि मुलांनी ‘कशावरून?’ला काय उत्तर दिलं ते त्यांच्याच शब्दांत लिहून पाठव.

तुझ्या
बाई

ता. क. ०.३ आणि ०.४ यांच्या मध्ये किती संख्या आहेत, हेही विचार. कुणी ‘एकही नाही’ म्हणेल, कुणी ‘नऊ’. नऊ म्हणणाऱ्याला ०.३१ आणि ०.३२ च्या मध्ये काय ते विचारून गप्प बस. तास संपल्याची घंटा झाली तरी उत्तर सांगू नकोस.