सेशनआयडी जपून ठेव रे

अरे, पहिल्या कॉलात बनवलेला सेशन मेंबर (सेशन असेपर्यंतच टिकणारा हिशोबी मेंबर) दुसऱ्या क्वेरीत सापडत नाही म्हणालास ना, त्यात तुझ्या एमडीएक्सची, म्हणजे क्यूबला विचारायच्या क्वेरीची, चूक नाहीये. अ‍ॅनालिसिस सर्व्हरशी एक्सएमएलमधून बोलायचा प्रोटोकॉल, एक्सएमएलए, मुळात स्टेटलेस, म्हणजे मागचं काही लक्षात न ठेवणारा, डिस्कव्हर (माहिती विचारायला) आणि एक्झिक्यूट (कमांड चालवायला) या दोनच मेथड, आणि प्रत्येक कॉल सर्व्हरला नवाच.

सेशन हवं असेल तर पहिल्या कॉलच्या सोप हेडरमध्ये (एक्सएमएल मेसेजच्या वरच्या भागात) बिगिनसेशन घाल, उत्तराच्या हेडरमध्ये सेशनआयडी येतो, तो काढून ठेव आणि पुढच्या प्रत्येक कॉलला सेशन हेडरमध्ये तसाच परत पाठव, एका कॉलला जरी विसरलास तरी तो कॉल सेशनबाहेर चालतो आणि तुझा मेंबर तिथे नसतोच. त्या हेडरवर मस्टअंडरस्टँड हे अ‍ॅट्रिब्यूट 1 ठेव, म्हणजे सर्व्हरला सेशन जमत नसेल तर गपचूप दुर्लक्ष न करता फॉल्ट देईल.

आणि हे नीट ऐक, एचटीटीपी कनेक्शन तुटलं म्हणून सेशन संपत नाही. विजयनगरच्या ऑफिसात असताना मी एंडसेशन फक्त सगळं सुरळीत झालं तरच पाठवायचो, एरर आली की सेशन तसंच पडून. दिवाळीच्या तोंडावर एका कापडवाल्याचे रिपोर्ट इतके रखडले की रात्री साडेअकराला सर्व्हर उघडून बघितला तर जुनी सेशन्स नुसती साचलेली, फार वाईट वाटलं. तेव्हापासून एंडसेशन फायनलीमध्येच, म्हणजे एरर आली तरी चालतोच त्या भागात.

उलटंही होतं, टाइमआउट झाला की सर्व्हरच सेशन मारतो. मग नवं बिगिनसेशन, मेंबर परत बनव, मगच क्वेरी, हे सगळं एकाच फंक्शनमध्ये ठेव.

संध्याकाळी छप्पन दुकानला लॅपटॉप घेऊन ये, हेडर दोघं मिळून बघू.