मराठीत एम.ए. केलंय, कोडिंग येत नाही, मग यूएक्स रायटिंग जमेल का?

मागच्या वर्षी जूनमधे पुण्यातल्या धनकवडीहून एक मुलगी आणि तिचे बाबा माझ्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला आले होते. तिची परवानगी घेऊनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. वय २४, मराठीत एम.ए., वर्षभर एका प्रकाशकाकडे प्रूफं तपासायचं काम केलेलं. बाबांचं म्हणणं बी.एड. कर, शाळेत लाग. हिला यूएक्स रायटिंग, म्हणजे अ‍ॅप आणि वेबसाइटवरच्या बटणांचे, मेसेजचे शब्द लिहायचं काम, करायचं होतं आणि ६०,००० रुपये फीचा एक ऑनलाइन कोर्स बघून ठेवला होता, शेवटची तारीख तीन दिवसांवर. पण तिची स्वतःचीच खात्री नव्हती. मला म्हणाली, मॅडम हे खरंच करिअर आहे का, आणि असलं तरी ए.आय. खाऊन टाकणार नाही का? हा प्रश्न घेऊन माझ्याकडे महिन्याला दोघंतिघं तरी येतात, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहावं.

बाबांनी आधी विचारलं, "बटणावर ओके लिहायला कुणी पगार देतं का हो?" प्रश्न बरोबरच होता. मी त्यांना गूगलचं उदाहरण सांगितलं. २०१७ च्या त्यांच्या डेव्हलपर कॉन्फरन्समधे त्यांच्या रायटिंग टीमनेच हे सांगितलं होतं, की हॉटेल शोधताना बटणावर आधी 'रूम बुक करा' अशा अर्थाचे शब्द होते, ते बदलून 'उपलब्धता बघा' असे केले आणि बटण वापरणं १७ टक्क्यांनी वाढलं. कारण त्या क्षणी माणूस बुक करायला आलेलाच नसतो, तो नुसता बघत असतो. बाबा लगेच म्हणाले, म्हणजे लक्ष्मी रोडला साडीच्या दुकानात पाय टाकल्या टाकल्या कुणी बिलबुक काढलं तर बायका परतच फिरतील की. अगदी तेच! यापेक्षा चांगलं मलाही समजावता आलं नसतं.

नावाचा घोळ मात्र आहे. कुठे यूएक्स रायटर म्हणतात, कुठे कंटेंट डिझायनर. ब्रिटन सरकारची गव्ह डॉट यूके ही वेबसाइट २०१२ साली सुरू झाली, तिथे सारा रिचर्ड्स आणि त्यांच्या टीमने कंटेंट डिझाइन हे नाव रुजवलं. फेसबुकनेही २०२० मधे आपल्या कंटेंट स्ट्रॅटेजी टीमला तेच नाव दिलं. नोकरी शोधताना दोन्ही नावं टाकून बघायची, शिवाय टेक्निकल रायटर, म्हणजे वापरायच्या सूचना लिहिणारे, आणि सपोर्ट कंटेंट, म्हणजे मदतीची पानं, हेही.

कोर्सचे पैसे मी थांबवायला सांगितले. कोर्स वाईट असतो असं नाही, पण हे काम आपल्याला आवडतं का हे फुकटात कळू शकतं. तिला गृहपाठ दिला, घरातलं माणूस मोबाइलवर कुठे अडतं ते शेजारी बसून बघ, मधे बोलू नकोस, आणि मग तिथला मेसेज नव्याने लिही.

पहिल्यांदा जे लिहून आणलं ते वाचून मला काळजीच वाटली, खरं सांगते. लाइट बिल भरताना पेमेंट अडकलं की येणारा मेसेज तिने लिहिला होता, 'क्षमस्व, आपला व्यवहार तूर्तास पूर्णत्वास जाऊ शकला नाही.' शुद्धलेखन चोख, पण कामाचं काहीच नाही. मी विचारलं, बाबा त्या वेळी काय म्हणाले होते? म्हणाली, "पैसे गेले का गं माझे? परत भरू का?" म्हटलं मग उत्तर त्याचं दे ना.

पुढच्या वेळी तिने आणलं, 'बँकेतून पैसे गेलेत. बिल भरलं गेल्याचं अजून कळलेलं नाही. लगेच परत भरू नका.' आणि खाली स्वतःहून लिहिलं होतं की पैसे खरंच गेलेत हे अ‍ॅपला त्या क्षणी माहीत असतं का ते इंजिनिअरला विचारावं लागेल, नसेल तर हे वाक्य खोटं ठरेल. ही ओळ वाचली आणि मला वाटलं, हिला जमेल. कोडिंग यायलाच हवं असं नाही, पण मशीनला काय माहीत आहे आणि काय नाही हे विचारता आलं पाहिजे, नाहीतर आपण नुसती गोड वाक्यं लिहीत बसतो.

ए.आय.बद्दल मी खोटा धीर देत नाही. एकाच मेसेजचे दहा पर्याय ते क्षणात देतं, त्यामुळे ज्यांचं काम डिझायनरने सोडलेल्या रिकाम्या चौकटीत शब्द भरणं एवढंच होतं त्यांची अडचण झालीय आणि अशी दोन मुलं माझ्याकडे येऊन गेलीत. पण बाबांच्या शेजारी बसून त्यांना काय विचारायचंय ते ऐकणं, ते मीटिंगमधे मांडणं, कायदेवाल्यांशी वाद घालून एक ओळ कमी करणं, हे काम माणसालाच करावं लागतं.

तिसऱ्या भेटीत बाबा नव्हते, तेव्हा ती बोलली. इंग्लिशची भीती होती. बाणेर-खराडीच्या कंपन्यांमधे मुलं फाडफाड बोलतात, आपण मराठी मीडियमवाले. इथेही मी स्पष्टच सांगितलं की पुण्यात हे काम बहुतेक इंग्लिशमधेच चालतं, निव्वळ मराठीवर नोकरी मिळणं अवघड आहे. पण लागतं ते सोपं, छोट्या वाक्यांचं इंग्लिश, आणि ते सरावाने येतं. मराठीचा फायदा वेगळाच. इंग्लिशमधे 'अमुक जॉइन्ड' म्हटलं की झालं, मराठीत मात्र 'आला' लिहायचं की 'आली'? अ‍ॅपला तर फक्त नाव माहीत असतं! हे सांगितल्यावर तिने दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाली, 'अमुक आता ग्रुपमधे आहे' असं लिहायचं, मग प्रश्नच येत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा ती मनापासून हसली.

पोर्टफोलिओत तीनच कामं ठेव म्हटलं, पण प्रत्येकात आधी काय होतं, कोण कुठे अडलं, काय बदललं आणि का, हे सगळं हवं. फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं फुकटातलं व्हर्जन त्याला पुरतं.

सध्या ती खराडीत एका कंपनीत सपोर्टला आहे, ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं देते आणि मदतीची पानं लिहिते. पदाच्या नावात यूएक्स कुठेच नाही, पगारही बेताचाच. पण रोज चाळीसेक लोक कुठे अडतात ते तिला ऐकायला मिळतं आणि डिझाइन टीमने तिच्याकडून दोन मेसेज लिहून घेतलेत. बी.एड.च्या सीईटीचा फॉर्मही भरलाय, मीही नको म्हटलं नाही. आणि बाबा आता कुठलंही अ‍ॅप अडकलं की आधी स्क्रीनशॉट काढतात आणि तिला पाठवतात.