वारसा आणि त्याची सख्खी बहीण मिरास

राजापूरच्या एका वाचकांनी विचारलंय: "व्याख्यानाचा विषय होता 'क्रांतिकारी समाजातला कलेचा आणि नीतीचा वारसा'. क्रांती म्हणजे जुनं मोडायचं, मग तिथे 'वारसा' कसा चालतो? आणि वक्ते सारखे 'विचारांचे वारसदार' म्हणत होते, ते बरोबर का?"

दुसरं आधी. 'वारसदार' चूक. वारस म्हणजेच हक्काचा माणूस; त्याला आणखी 'दार' कशाला? तलाठ्याकडे फेरफार घालताना आपण 'वारस नोंद'च म्हणतो. गावात जे कुणी चुकत नाही ते व्यासपीठावर हटकून चुकतं, आणि ऐकून ऐकून कान किटले.

'वारसा'चे नेहमीचे अर्थ सांगत बसत नाही. गंमत मुळात आहे. अरबीत 'वारिथ' आणि 'मीराथ' एकाच धातूचे. फारसीत त्या 'थ'चा 'स' झाला आणि मराठीत आले वारस आणि मिरास. मिरासदार म्हणजे वंशपरंपरेने जमिनीचा धनी, उपरी म्हणजे बाहेरून येऊन कसणारा. पुढे मिरास शब्दाला मक्तेदारीचा वास लागला: "विद्या काय तुमची मिरास आहे?" पंजाब-राजस्थानात तर पिढीजात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना मिरासीच म्हणतात. कला या शब्दाच्या घरातलीच आहे!

म्हणून मी ठामपणे म्हणतो, क्रांतीने मोडायची ती मिरास, वारसा नव्हे. पॅरिसमध्ये 10 ऑगस्ट 1793 रोजी लूव्हर लोकांना खुलं झालं. चित्रं राजाचीच होती, राजाची मिरास तेवढी संपली. रशियात प्रोलेतकुल्त नावाच्या चळवळीची मंडळी कामगारांची कोरी करकरीत संस्कृती घडवायला निघाली, तेव्हा 1920 साली लेनिनने तरुणांना जुन्या समाजाने साठवलेलं ज्ञान आत्मसात करायला सांगितलं. आपल्याकडे सावंतवाडी संस्थान 1948 साली विलीन झालं, राजाश्रय गेला. पिंगुळीच्या ठाकरांची चित्रकथी राहिली. पोथीतलं एकेक चित्र पुढे धरायचं आणि रामायण-महाभारतातलं आख्यान गायचं, ते अजून चालू आहे.

सावरकरांच्या रत्नागिरीतल्या मुक्कामापासून इकडे भाषाशुद्धीला मान आहे. त्या पंथातले लोक सांगतात, वारसा परका, 'रिक्थ' लिहा. मुळीच लिहू नका. रिक्थ आणि रिक्त दोन्ही 'रिच्' (रिकामं करणं, सोडणं) धातूचे, म्हणजे त्यात आहे ते मेलेल्याने मागे टाकलेलं धन. 'वारसा'त घेणारा जिवंत माणूस आहे. शब्दाची जात बघून त्याला घराबाहेर काढणाऱ्यांना हा फरक दिसत नाही.

आणि नीतीसाठी महाडला या. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्यावरची मिरास मोडली, त्याच वर्षी 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली. त्या डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी 1789 च्या फ्रेंच राष्ट्रसभेचा दाखला दिला होता. पण 1954 साली आकाशवाणीवरच्या भाषणात त्यांनी स्पष्ट सांगितलं, की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उचललेली नाहीत, ती बुद्धाच्या शिकवणीतून घेतली. अडीच हजार वर्षांची ही नीती त्यांच्या हाती सातबाऱ्यावरून आली नव्हती. तिला 'मिरास' शब्द लावून बघा, लागतच नाही.