काळी आणि पांढरी: लेकीला पत्र

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर आजोबा मला म्हणाले, "डिसेंबरात पोरीला घेऊन ये, पांढरीला पाय लागू देत तिचे." फोन ठेवल्यावर तू विचारलेस, "आपल्या शेतातली माती तर काळी आहे, मग आजोबा गावाला पांढरी का म्हणतात?" जुना शब्द आहे, एवढेच सांगून मी कामाला लागले. या शब्दात आपल्या गावाचा भूगोल आणि इतिहास दोन्ही साठलेले आहेत, म्हणून आज सवडीने लिहिते आहे.

आधी काळीबद्दल सांगते. आपले गाव पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी आहे. ही नदी आंबेगाव तालुक्यात सह्याद्रीत उगम पावते आणि कुकडीला पोटात घेऊन पुढे भीमेला मिळते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचा कातळ तयार झाला. तो झिजून नद्यांच्या खोऱ्यांत जी माती बसली, ती आपली काळी. घाटमाथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस आपल्याकडे येईपर्यंत पाचशे मिलिमीटरच्या आसपास उरतो, परंतु ही माती पाणी धरून ठेवते. म्हणूनच पाऊस संपल्यावर पेरलेला शाळू नुसत्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर पोसतो.

मात्र जो गुण पिकाला तारतो, तोच घराला मारतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उभी केलेली भिंत त्या ओढाताणीत तडकते. नदीकाठी पुराचीही भीती असते. त्यामुळे राबायचे काळीत आणि राहायचे एकत्र, जरा उंचवट्यावर, अशी रीत पडली. त्या राहण्याच्या जागेला पांढरी म्हणतात.

ही जागा मुळात पांढरी नसते. ती माणसांच्या राहण्याने पांढरी होते, आणि मला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच. चुलीतली राख, दर सणाला सारवलेली जमीन, पावसाने खचलेल्या मातीच्या भिंती, जनावरांचे शेण, हाडे, फुटकी मडकी, चुना हे सगळे पिढ्यान् पिढ्या एकाच ठिकाणी साचत जाते. पडलेल्या घराची माती सपाट करून तिच्यावरच नवे घर उभे राहते, आणि हळूहळू राखाडी, भुरकट, मऊ मातीचे टेकाड तयार होते. आजोबांच्या लहानपणी धाब्याच्या घरांच्या भिंती याच मातीच्या असत आणि माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट छपरावर, पावसाळ्यापूर्वी हीच माती पसरून चोपत. जुन्या ओसाड पांढरीची माती गाड्या भरभरून खत म्हणून शेतात टाकायचीही चाल होती, कारण त्या राखेत आणि शेणात पिकाला लागणारे पुष्कळ काही असते. त्यापायी कितीतरी जुनी टेकाडे मात्र नाहीशी झाली.

आपल्या शेजारच्या इनामगावचे टेकाड सुदैवाने राहिले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले, तेव्हा त्या पांढरीखाली इ. स. पू. १६०० ते ७०० या सुमारे नऊशे वर्षांतले शेतकऱ्यांचे गाव सापडले. कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंतींची शंभराहून अधिक घरे तिथे निघाली. लोक जव आणि गहू पिकवत, मसूर, कुळीथ, वाटाणा खात आणि गाई-बैल पाळत. पुराचे पाणी वळवण्यासाठी त्यांनी बांध घातला होता आणि पाट खणला होता. आज आपल्या शिवारात उसाला जे पाणी कालव्याने मिळते, त्याच्या हजारो वर्षे आधीची ही खटपट आहे. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर होते आणि त्याला लागून धान्याचे कोठार. ते गावप्रमुखाचे असावे असे संशोधकांनी मानले आहे.

एक गोष्ट तुला सांगावी की नाही याचा मी विचार केला, पण तू आता तेरा वर्षांची आहेस. दगावलेल्या लहान मुलांना ते लोक दोन रांजणांची तोंडे एकमेकांना जोडून, त्यांत ठेवून, राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत असत. मूल घरापासून दूर जाऊ नये असेच त्यांना वाटत असेल, असे मला आई म्हणून वाटते. पुढे पाऊस कमी होत गेला, घरे लहान आणि गोल झाली, शेतीपेक्षा गुरांवर अधिक भिस्त आली, आणि अखेर ते गाव उठले.

त्यानंतरच्या शतकांमधले थोडेच सांगते. मराठेशाहीच्या कागदपत्रांत काळी आणि पांढरी ही गावाची दोन अंगे म्हणून येतात. नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात शेती न करणाऱ्या लोकांवरच्या कराचे नावच पांढरी होते. इंग्रजी अमलात शेतसारा रोखीने भरावा लागू लागला, शेतकरी सावकारांच्या कर्जात बुडाले, आणि १२ मे १८७५ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात सावकारांविरुद्ध उठाव झाला. तो शिरूर तालुक्यातही पसरला. लोकांना मुख्यतः हवी होती ती कर्जरोख्यांची कागदपत्रे. ती हिसकावून त्यांनी जाळली. ज्या काळीवर पोट चालायचे, तीच त्या कागदांमुळे हातातून जात होती. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा झाला.

काळी आणि पांढरीतला भेद आजही सरकारी दप्तरात आहे. शेताचा सातबारा निघतो. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ मध्ये असते. आजोबांच्या लोखंडी पेटीत हे दोन्ही कागद वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवलेले आहेत, ते त्यांना दाखवायला सांग.

तू ज्या घरी राहायला जातेस, ते खरे म्हणजे पांढरीत नाहीच. पाटाचे पाणी आल्यावर रात्री-अपरात्री पाणी धरावे लागते म्हणून आपले घर मळ्यात, काळीत आले. त्याच्या ओटीच्या भिंतीला पडलेली तड तू मागच्या वेळी मला दाखवली होतीस; तिचे कारण आता तुला कळले असेल. जुने घर गावात, मारुतीच्या देवळामागे होते. त्याची एकच भिंत आता उभी आहे. आजोबा दर शनिवारी देवळात जातात, तेव्हा त्या भिंतीपाशी थोडा वेळ बसतात. डिसेंबरात आपण त्यांच्याबरोबर तिथे जाऊ. त्या भिंतीची माती बोटांनी जराशी खरवडून पाहा, तिच्यात राखेचे आणि खापराचे बारीक कण दिसतील.

तुझी,
आई