उजनीवर पहिल्यांदा गळ टाकताना

भिगवणकडच्या पाणफुगवट्यावर जायचंय ना? मग रोहू-कटल्याचं वेड आधी बाजूला ठेव, चिलापी (तिलापिया) माशापासून सुरुवात कर. बारका गळ, हलका तंगूस (गळाची दोरी) आणि गांडुळाचा एवढासा तुकडा. गळ मोठा घेतलास तर ती आमिष कुरतडून पसार होते. माझा पहिला उन्हाळा तिला फुकट जेवू घालण्यातच गेला! दोरीवरचं तरंगतं बूच नुसतं थरथरलं की हिसका देऊ नकोस, बुडू दे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुनी खोडं, पडक्या भिंती उघड्या पडतात. त्या जागा डोक्यात ठेव, पाणी चढल्यावर तंगूस तिथंच अडकतो. मासा धरताना डोक्याकडून शेपटीकडे हात फिरव, पाठीचे काटे दबतात. परवानगीचं मात्र काठावरच्या मच्छीमारांना आधी विचार. मरळ? ती पुढच्या वर्षी.