सपाता कुठायत?

जुन्या नाटकातली प्रेमकथा आजच्या प्रेक्षकांसाठी पडद्यावर आणताना शेवट गोड करावा का, असं तुम्ही विचारलंय. मला विचाराल तर अजिबात करू नये. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकाचंच बघा ना. पु.लं.च्या ‘ती फुलराणी’मुळे ते आपल्या घरचंच झालंय.

रस्त्यावर फुलं विकणाऱ्या एलायझाला बोलायला शिकवून उच्चभ्रूंत खपवून दाखवीन, अशी पैज भाषेचा प्राध्यापक हिगिन्स मारतो. चौथ्या अंकात तो ती पैज जिंकून घरी येतो आणि सपाता शोधत बसतो. एलायझा मुकाट्याने जाते, सपाता आणून त्याच्या पुढ्यात ठेवते. त्याचं लक्षही नसतं. थोड्या वेळाने त्याच सपाता ती त्याला फेकून मारते. आमच्या हौशी ग्रुपने हा प्रवेश बसवला तेव्हा सपाता आधी आपटून ठेवून पाहिल्या, मग अलगद. अलगद ठेवल्या तेव्हा पुढचं फेकणं फार लागलं. तिचा जीव किती गुंतलाय ते त्या ठेवण्यातच कळत होतं.

शेवटच्या अंकात तो तिला हातमोजे आणि टाय आणायला सांगतो. तुमचे तुम्ही आणा, म्हणून ती निघून जाते.

हे लोकांना पहिल्यापासून झेपलं नाही. १९१४ साली लंडनच्या प्रयोगात हिगिन्स झालेले बीरबोम ट्री पडदा पडता पडता एलायझाकडे फुलं टाकायचे. शॉ भडकले. नाटक छापताना त्यांनी लांबलचक उपसंहार जोडला: तिचं लग्न तिच्यावर भाळलेल्या फ्रेडीशी होतं. तरी १९३८ च्या सिनेमात, ज्याच्या पटकथेसाठी शॉंना ऑस्कर मिळालं, ती परत येतेच आणि हिगिन्स विचारतो, सपाता कुठायत? याच नाटकावरून निघालेल्या १९६४ च्या ‘माय फेअर लेडी’ सिनेमातही तेच. ज्या सपाता तिने फेकून मारल्या, त्याच पुन्हा तिच्या हातात! मला हे बघवत नाही.

वयातलं अंतर, त्याची शिवराळ भाषा यांनाही हात लावू नका. ती नको तिथे गुंतलीय हे आजच्या मुलींना बरोब्बर कळतं. संवाद मात्र खुशाल कापा. कॅमेरा तिच्या हातांवर असला की निम्मी वाक्यं लागतच नाहीत.

आणि नाटकाला दिवाणखान्यातच थांबावं लागतं, सिनेमाला नाही. एलायझा दाराबाहेर पडते ती बापाच्या लग्नाला जायला. ते लग्न रंगमंचावर कधीच दिसत नाही. हिगिन्सला तिथेच सोडून कॅमेऱ्याने तिच्याबरोबर घोडागाडीत बसावं आणि चर्चपर्यंतच्या रस्त्यात, कोणी बोलत नसताना, तिचा चेहरा बघावा.